पोचा तसाच ठेवला

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. सध्या गाड्या रंगवायच्या कारखान्यात चिकटलोय. आधी बेकरीत होतो. तिथल्या मालकाला पिठानंच शिंका यायच्या, बिचारा दिवसभर... जाऊ दे, ते भेटल्यावर सांगेन.

परवा आमच्याकडे सरकारी दवाखान्यांच्या पांढऱ्या गाड्या आल्या. तिजोरीत पैसा थोडा, सीमेवर गरज मोठी, म्हणून त्या फौजेला दिल्यात. आम्ही त्या हिरव्या करायच्या. पत्रा घासता घासता एका गाडीच्या मागच्या दारावर हात थांबला. पोचा! तुझ्या सायकलनं पाडलेला. उतारावर ब्रेक लागेना, मी मागे बसून बोंबलतोय आणि तू धाडकन आपल्या दवाखान्याच्या गाडीवर! ड्रायव्हरकाका ओरडायचं सोडून आधी तुझा गुडघा धुवायला बसले. म्हणाले, पोरी, गाडीत बसायचंच होतं तर नुसता हात करायचास, थांबलो असतो की.

आत चढलो. बाकही तोच. आईला नेताना वाटेतच मी त्याच्यावर जन्मलो, म्हणून काकांनी माझं नाव भिंगरी ठेवलं. हा चालत्या गाडीत आलाय, घरात टिकायचा नाही म्हणाले. सगळे हसायचे. आई मात्र म्हणायची, ती गाडी नसती तर आम्ही दोघंही नसतो.

खरं सांगू? सरकारला शिव्या घालायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात सीमेवरून आलेला दादाचा फोन आठवला. त्याच्या सोबत्याला गोळी लागली, न्यायला गाडी नव्हती, खांद्यावरून आणलं. वाटेतच गेला. मग ओरडू कुणावर? रंगाचे दोन हात दिले, अगदी नीट. मुकादम म्हणाला, पोचा ठोकून काढ. नाही काढला. कधी दादाच्या हाताला लागला तर ओळखेल तो.

पण ताई, आपल्या दवाखान्याच्या दारात आता गाडी नाही. तुझे दिवस भरत आलेत, दाजी लांब कामावर, आणि डॉक्टरीणबाईंनी तर शहरातच न्यायला लागेल म्हणून बजावलंय. म्हणून मुकादमाचा जुना टेम्पो मागून घेतलाय. मागे गादी टाकलीय. ब्रेकही बघितले, तुझ्या सायकलपेक्षा बरे लागतात. शनिवारी निघतोय. बाळ होईपर्यंत टेम्पो तुझ्या दारात उभा राहील, आणि मीसुद्धा. हसू नकोस. या खेपेला टिकेन.

तुझाच,
भिंगरी