डब्यातला केकचा तुकडा

नॅशव्हिल, रविवार

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. हॉटेलात वाढपाचं काम करते, त्यामुळे जेवणाची आबाळ नाही. तुमचा खोकला कसा आहे? खरं कळवा.

कोळशाच्या खाणीतून येताना तुम्ही डब्यात माझ्यासाठी केकचा तुकडा राखून आणायचात, त्यावर मी रचलेलं गाणं इथल्या एका रेकॉर्ड कंपनीला ऐकवलं. साहेब म्हणाले, "डबा काढ, बिअर घाल. खाण काढ, ट्रक घाल. हल्ली तसलीच गाणी खपतात." मी वही उचलून निघून आले.

काल एका छोट्या हॉलमध्ये तेच गाणं जसंच्या तसं म्हटलं. टाळ्या जेमतेमच पडल्या. मग खाणीच्याच गावात वाढलेली एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "त्या केकला कोळशाची चव लागायची ना गं?"

लागायची, बाबा. तुम्हाला कधी बोलले नाही. पण आता त्या चवीचं कडवं लिहिणारच आहे.

तुमचीच,
केलीन