गजऱ्याच्या धाग्याची गाठ

मंगळवार, रत्नागिरी

केळीचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेली पट्टी परवा प्रयोगशाळेत कडकन मोडली. धागाच कच्चा, असं उद्या अहवालात लिहिणार होते. तरी आज आईच्या सुकलेल्या गजऱ्यातला गाठीचा धागा, तोही केळीचाच, टणकपणा मोजायच्या यंत्राखाली ठेवला. यंत्राचं केसाहून बारीक टोक नेमकं गाठीच्या वळणावर दाबलं. एवढा पिळलेला, तरी सरळ धाग्याइतकाच टणक! मग मोडलेली पट्टी तपासली, तर मऊ निघालं ते धाग्यालगतचं रेझिन. काय चिवट जात आहे ही केळीच्या धाग्याची! ती गाठ अजून डोळ्यांसमोर आहे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

“गाठ सुटली नाय ना गो?”

“नाही.”

“मग धागा आण परत. उद्या अबोलीच्या गजऱ्याला लागेल.”