कुकरवरचं नाव

बा, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. पाचवीत शाळा सुटली, म्हणून अक्षर वाकडं येतं. पण त्याबद्दल तू तर काही बोलूच नकोस, शाळा तुझ्यामुळंच सुटली. बेगम बाजारात भांड्यांच्या सेठच्या पायरीवर तू छन्नी-हातोडी घेऊन बसायचास, विकलेल्या भांड्यांवर नावं घालायचास. मी शेजारी बसून टिंबाटिंबाचं अक्षर होताना बघायचे. त्या सेठची एक रीत होती. जे घर वर्षानुवर्षं त्याच्याचकडून भांडी नेतं, त्या घरात लग्न निघालं की एक पितळी घागर दुकानाकडून भेट. एकदा मुनीमजीनं चुकून भलत्याच घराला घागर कबूल केली. तू नाव घालून मोकळा झालास आणि सेठ ओरडत बाहेर आला, "अरे, ये लोगां तो दूसरी दुकान के गिऱ्हाक! मिटा नाम." तू हातोडी खाली ठेवलीस. "सेठ, नाम डालने के पहले बोलना था. नाम पडा तो भांडा उनका." चार लोकांसमोर सेठला घागर द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी तुझ्या पायरीवर दुसराच माणूस बसलेला. घागर त्या लोकांच्या घरी गेली आणि मी आईबरोबर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला. घासताना भांड्यांवरची नावं वाचायचे, तेवढीच माझी पुढची शाळा. तुझी जबान राहिली म्हणून आई रडत रडत कौतुक करायची. मी नाही केलं. आजही करत नाही.

पण हात तुझाच आला. दिलसुखनगरच्या मोठ्या भांड्यांच्या दुकानात मी दारापाशी टेबल घेऊन बसते, नावं घालते. तू ठोकायचास, माझी मशीन नुसती घुर्रर करते. राज्याचे दोन तुकडे व्हायची ती वर्षं. रोज बंद, रोज मोर्चा, आणि त्यातच आमचे मालक भाऊ-भाऊ वेगळे झाले; एकानं तिकडची दुकानं घेतली, एकानं हैदराबादची. गिऱ्हाइकांची कार्डं, त्यावरचे पॉइंट, सगळं नव्या कॉम्प्युटरात घातलं. आणि संक्रांतीच्या तोंडावर कार्डवाल्या प्रत्येक बाईच्या फोनवर मेसेज गेला: कार्ड दाखवा, स्टीलचा कुकर भेट न्या. जायला हवा होता फक्त मोठी खरेदी करणाऱ्यांना. गेला सगळ्यांना.

सकाळी शटर वर जायच्या आधीच बायका रस्त्यापर्यंत उभ्या. आमचा मॅनेजर, माझ्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल, कुकरची चळत माझ्या टेबलापाशी लावून म्हणतो, "अक्का, लाइन लंबी है. तुम नाम डालते जाओ, कार्ड बाद में देखते." मी घालत गेले. तारनाक्याची एक म्हातारी पुढं आली. जन्मभर हॉस्टेलात झाडू मारलेली; आमच्याकडून कधी एक पळी, कधी एक ताटली न्यायची, म्हणून ओळखीची. मी विचारलं, मुलाचं घालू? "नक्को. घर के सब भांड्यां पे मरद का नाम है. इसपे मेरा डालो." मी घातलं. तिनं बोट फिरवून बघितलं, अक्षराची धार लागते का ते.

तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन आला. मॅनेजर स्टुलावर चढून सांगतोय, मेसेज मिस्टेक से गया, माफ करना. एक जण ओरडली, "मेसेज तुमे भेजे, हम मांगने कू आए थे क्या?" तो खाली उतरून माझ्या कानाशी आला. "अक्का, जिन पे नाम पडा, वो पीछे ले जाके बफ मार दो." म्हणजे चकतीनं घासून नाव पुसायचं.

आणि बा, माझ्या तोंडातून तुझंच वाक्य निघालं. नाम पडा तो भांडा उनका. तो हसला. "ये कौन से कायदे में लिखा है, अक्का? लेझरवाली मशीन आ रही है, मालूम ना?" मालूम होतं, ती आली की माझं टेबल उठणार. पोरीच्या कोचिंगची फी तोंडावर होती, तेही मालूम होतं. तू हातोडी ठेवलीस तेव्हा मी तुझ्या बाजूला बसले होते. तुला मी दिसले नाही. मला माझी पोर दिसली. मी कुकर उचलले, मागं नेले, चकती फिरवली. म्हातारी दारातून बघत होती. कार्ड टेबलावर ठेवून गेली.

पोरगी म्हणते, "मम्मी, मिस्टेक तो मिस्टेक. कंपनीनं काय दिवाळं काढायचं?" मी म्हटलं, चूक मेसेजात होती तोवर चूक होती. बाईला उभं करून नाव विचारलं, नाव घातलं, मग कसली चूक? तिला पटलं नाही. हे ती वाचणारही नाही, तिला मराठी वाचताच येत नाही.

खरी मजा पुढं आहे. चकती फिरवली तिथं चमक गेली, डाग पडला. ते कुकर कोणी घेईना. शेवटी उगादीच्या पाडव्याला स्टाफला वाटून टाकले, फुकट. म्हणजे द्यायला जमत होतं, बा. फक्त ज्यांची नावं होती त्यांना नाही.

माझ्या वाट्याला आलेला उजेडात तिरका धरला आणि मला म्हातारीचं नाव दिसलं. पुसलं तरी माझं अक्षर मला कळतं. रविवारी पिशवीत घालून तारनाक्याला गेले. म्हटलं, तुमचाच आहे, मशीन आणली आहे, पुन्हा नाव घालून देते. तिनं कुकर फिरवून बघितला, डागावर बोट ठेवलं. "एक बार डाले, एक बार मिटाए. अब सेठ कू पूछ के आए क्या?" चहा पाजला. कुकर परत पिशवीत घातला, तिच्याच हातानं.

किती दिवस ओट्याखाली पडून होता. तुला विचारायचं होतं, त्याचं काय करू. पण तू काय सांगणार, तू तर घागर देऊन मोकळा झालास. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. काल आमचा जुना कुकर बिघडला. म्हातारीच्या कुकरात डाळ लावली. बा, चांगली शिजली.