पुरोहिताचा रकाना

ठमीमावशी,

वैतागलेय मी, सगळ्यात जास्त स्वतःवर. एम.ए.च्या कागदांवर आडनाव बदलायचं म्हणून काल पालघरला लग्नाचा दाखला काढायला गेले. अर्जात पुरोहिताचं नाव मागितलं होतं. मी तुझं लिहिलं. आपल्यात लग्न बाईच लावते; धवलेरी म्हणून सगळी गाणी गाऊन आमचं लग्न तूच तर लावलंस!

कारकून म्हणाला, "बाई कुठे पुरोहित असते? पुरुषाचं नाव टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

माझा प्रबंध आहे 'स्त्रिया, राष्ट्र आणि आपलेपण'. त्यात असल्या कारकुनांना मी तीन पानं झोडपलंय. खिडकीपाशी मात्र "बरं" म्हणाले आणि साक्षीला आलेल्या तुझ्या नवऱ्याचं, गोमाकाकांचं नाव टाकलं. लग्न लागत होतं तेव्हा ते मांडवामागे भात ढवळत होते! त्यांनीही पुरोहित म्हणून सही केली.

संध्याकाळी तू विचारलंस, "माजं नाव हाय ना त्यात?"

मी म्हटलं, "हाय."

नाही गं मावशी. हेच सांगायला लिहायला बसले. पण तुला वाचता येत नाही, आणि तुमच्या घरात पत्र वाचून दाखवणार कोण? गोमाकाकाच.

तुझ्याच गाण्यांनी लग्न लागलेली,
जयवंती