रीनाच्या फियाटची व्यवस्था

मी, बाबुलाल सुखदेव रामटेके, वय ६१, धंदा गॅरेज, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. झोप लागत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही माझी एकुलती मुलगी रीना हिच्या नावे होते. ती गेल्या जानेवारीत वारली.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझी पत्नी सत्यभामा हिला. त्यात कोणी आडवे येऊ नये.

२. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि सर्व पाने कैलाश निंबार्ते याला. गाडीचे नवे भाग त्याने आपल्या लेथवर करून दिले आणि आमच्या खुळाला एकदाही हसला नाही.

३. गाडीविषयी. ही १९५८ची फियाट एका राइस मिलमागे कोंड्याच्या ढिगाखाली सडत होती. रीनाला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. आम्हा दोघांच्या रक्तातून तिला तेवढेच मिळाले. दुखणे उठले की आधी शाळा बंद, पुढे कॉलेज बंद. घरी पडल्यापडल्या मोबाईलवर असल्या जुन्या गाड्या कापून, मोठे इंजिन घालून पळवलेल्या पाहून ती म्हणाली, "बाबा, आपण हॉट रॉड बनवू. रस्त्यावर चालन अन् शर्यतीतबी धावन."

मी म्हणालो, "कायले? तुले दम लागते."

"दम गाडीले लागन. मी तं बसून राहीन."

आम्ही मडगार्ड काढले, टप कापून खाली बसवला, भंगारातल्या जीपचे इंजिन घातले. त्यासाठी चेसिस नव्याने बांधावी लागली. वेल्डिंग माझे, मापे तिची. बदलाची नोंद कागदांवर रीतसर आहे. बाजाराच्या दिवशी ती गाडी काढायची तेव्हा भाजीवाल्या बाया उभ्या राहून पाहायच्या.

नागपूरजवळच्या शर्यतीत पहिली फेरी तिने जिंकली. दुसरीच्या आधी छातीत दुखू लागले. तिला बाजूच्या सीटवर बसवून मी त्याच गाडीने दवाखान्यात नेले. गाडी इतकी चांगली कधीच धावली नव्हती. ती म्हणाली, "मस्त चालून राहिली, बाबा. हळू नका करू." मी केली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणले होते.

४. माझा भाऊ संघपाल याला काहीही नाही. मयतीत सत्यभामेसमोर तो म्हणाला, "गाडीनंच खाल्लं पोरीले." माझ्या मयतीला त्याने यावे, पण बोलू नये.

५. गाडी विकू नये. मागच्या महिन्यात बॅटरी उतरू नये म्हणून मी इंजिन चालू केले. सत्यभामा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "आली का थे?" म्हणाली आणि मग उंबऱ्यावरच बसली. म्हणून ती जिवंत असेपर्यंत कोणीही इंजिन चालू करू नये. गंजली तर गंजू द्यावी. सत्यभामेच्या पश्चात कैलाशने गाडी न्यावी, चालवावी किंवा कापावी. तेव्हा त्या आवाजाने दाराशी धावत येणारे कोणी उरणार नाही.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. पुन्हा वाचून पाहिला. बदलण्यासारखे काही सापडले नाही.

ठिकाण : मोहाडी
दिनांक : १८ जून २०२४

(सही) बाबुलाल सुखदेव रामटेके

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, व त्यांच्यासमोर आम्ही :
१. (सही) भैयाजी ठवकर, शेजारी
२. (सही) ताराबाई भुरे, निवृत्त परिचारिका