बेड सहाची जुनी नोंद

६ मार्च २००६, मंचर
आलो एकदाचा! स्टँडवरून दवाखान्यापर्यंत कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत, बॅग डोक्यावर घेऊन आलो, तरी खूश आहे. वीस खाटांचा दवाखाना, मागे मला स्वतंत्र खोली, आणि माझं गाव जुन्नर तासाभरावर. घरी आता कोणी नाही, ही गोष्ट वेगळी. डॉ. तेजस्विनींनी सर्व्हर दाखवला आणि रुग्णांच्या सगळ्या नोंदी या महिन्यात नव्या डेटाबेसवर न्या म्हणाल्या. बेड सहावर अवसरी बुद्रुकच्या साळुबाई आहेत. न्यूमोनिया झालाय, पण तोंड चालू. मला बघून म्हणाल्या, तौहीदभाऊ, लई वाळलाय तुमी, जेवता का न्हाई?

८ मार्च
लिनक्सच्या सीडीवर डेटाबेसची सातवी आवृत्ती येते, दवाखान्याच्या जुन्या नोंदी तिच्यातच आहेत. नव्या प्रोग्रामला आठवीच हवी. नखरे तरी किती! दिवसभर खपून आठवी वेगळ्या फोल्डरात बसवली आणि सगळी माहिती तिच्यात उतरवली. सातवी काढली नाही. नवी रुळेपर्यंत जुनी शेजारी चालू ठेवायची, ही माझी सवय. आता सातवीत कोणी काही लिहीत नाही.

११ मार्च
पडताळणी केली. ८ तारखेपर्यंतचे आठवीत ४११ रुग्ण, सातवीत मात्र ४१२. जास्तीची नोंद आजचीच: बेड ६. नजमुन्निसा, जुन्नर, वय ५८. ताप १०३. शेरा: पाणी मागते. मुलाची वाट पाहते.
हे माझ्या अम्मीचं नाव. तिला जाऊन चौदा महिने झाले. ती गेली तेव्हा मी पुण्यात एका कंपनीचा सर्व्हर लावत होतो, मोबाइल बंद करून. शीला सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, या नावाचं इथं कुणीच न्हाई, भाऊ.

१३ मार्च
सातवीतल्या शेऱ्यात मी लिहिलं: पाणी दिले, चमच्याचमच्याने. तासाभरात ताप १०१. शेरा बदललेला: पाणी प्याली. मुलगा आला का विचारते.
टेबलावर डोकं ठेवून रडलो.

१५ मार्च
रोज लिहितो. औषध दिले. पाय चेपले. अम्मीचा ताप ९९.
साळुबाई आज घरी जाणार होत्या. ताप पुन्हा चढला, १०३. पाजलेलं पाणी ओठांतून बाहेर येतं. डॉक्टर चक्रावल्या आहेत.

१६ मार्च
सकाळी मुद्दाम काही लिहिलं नाही. अम्मी १०२. साळुबाई १००, चहा मागितला.
योगायोग असेल. दुपारी एकच ओळ लिहिली – पाणी दिले. लगेच वॉर्डातून सिस्टरची हाक – साळुबाई –
एका खाटेवर दोघी. एकीचंच भागतंय.

१७ मार्च
मी लिहीत नाही. तरी सातवी आपली आपण – मुलगा आला? मुलगा आला? – दर मिनिटाला. साळुबाईंना ऑक्सिजन. त्यांची लेक माझा हात धरून म्हणाली, आईला वाचवा वो भाऊ. मला डॉक्टरच समजली ती.

१८ मार्च, सकाळ
साळुबाईंचे ओठ निळे. सातवी बंद करायलाच हवी. आज तरी मी अम्मीजवळ आहे, आणि मीच –
शेऱ्यात लिहिलं: मुलगा आला आहे.
उत्तर आलं: हात दे.
पडद्यावर हात ठेवला. गरम लागला, तापासारखा.
माफ कर, अम्मी – बंद करायची आज्ञा दिली. एंटर दाबलं. बंद होता होता एक ओळ येतेय, एकेक अक्षर, तशीच उतरवून घेतो – बेटा, अभी नक्को, जरा रु