सातव्या खुर्चीवर मी

६ मार्च, सोमवार
बोलावलं! कोर्टातून ज्यूरीचं बोलावणं — मला, अर्लीन बॉयकिनला! इतकी वर्षं या गावाचे केस धुते-विंचरते आहे, पण असं बोलावणं पहिलंच. नवरा म्हणतो, "हॅट बेताची घाल. ती पिसांची नको." क्लीओला काय कळतंय! पिसांचीच घालणार.

१३ मार्च
काढलं. आणि परत घेतलं!
आपल्यातले, काळे, सहा जण होतो. सरकारी वकिलांनी एकेकाला ज्यूरीतून उठवलं. मला का? तर म्हणे, "बाईंचं लक्ष नाही, जांभई दिली." दिली! पहाटे उठून दुकान आवरलं होतं. पण शेजारची गोरी पेगी लँगफोर्ड चक्क घोरत होती — ती चालली!
आरोपीची वकीलबाई उभी राहिली. दिसायला पोरसवदा, पण आवाज काय! "जांभई देणारी जाते, घोरणारी राहते. फरक काय, तेवढं सांगा." जजसाहेबांनी चष्मा काढला. "बॉयकिनबाई, बसा परत."
सातवी खुर्ची! आपले बाकीचे पाच गेले ते गेलेच.

१४ मार्च
खटल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, असा हुकूम. क्लीओ कासावीस. "एवढंच सांग, पोरगा कोणाचा?" तळलेले मासे पुढे ठेवले, गप्प बसला.
वहीशी बोलू नका, असं काही जजसाहेब म्हणाले नाहीत. तर — जार्व्हिस मॉट, आपल्यातलाच, कोवळा पोरगा. दुकान फोडल्याचा आरोप. रखवालदाराने पाहिला तो लांबून, अंधारात, पाठमोरा! "उंच, काळा, टोपीवाला." म्हणजे माझा भाऊ, माझा पुतण्या आणि चर्चमधले निम्मे पुरुष!

१६ मार्च
निर्दोष!!
ज्यूरीच्या खोलीत आधी बारा जणांतले दहा 'दोषी' म्हणाले. मी नाही म्हटलं. दुसरं कोण? पेगी! "मी घोरते गं, पण ऐकत असते." मग मी पडदे ओढले, ज्यूरीतल्या चौघा पुरुषांना, मिल्टनसकट, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "आता सांगा, यातला मिल्टन कोणता?" प्रत्येकाचं बोट वेगळीकडे! मिल्टन स्वतःच हसायला लागला. मग एकेक जण वळला.
निकाल ऐकून जार्व्हिसची आई ओरडली, "येशू!" कोणी तिला गप्प केलं नाही. रात्री क्लीओला सगळं सांगितलं, हातवारे करून. दोनदा.

२५ मार्च
जार्व्हिसची आई, रोझेटा, केस करायला आली. म्हणाली, "त्या रात्री रस्त्यावर दोघांना धरलं होतं, ताई. टकर जार्व्हिसचा मित्र, गोरा. कोर्टात त्याचं नावही निघालं नाही. त्याला पोलिसांनी तेव्हाच गाडीतून घरी सोडलं, आईच्या दारापर्यंत. माझ्या पोराला तुरुंगातून घरी यायला दोन नाताळ गेले."